पाहुण्यांसाठी आजोबा

पाहुणे अजून आलेच नव्हते. मुलाचा ‘निघालो’ असा फोनही यायचा होता. तरी माझ्या नातीने पाण्याचा ग्लास नेऊन खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आजोबा, घ्या." त्यांनीही "शहाणं गं माझं बाळ" म्हणत तो घेतला. बघायला कोणी नव्हतं, दाखवायचं कोणाला नव्हतं, तरी ती म्हणाली आणि तरी त्यांनी घेतला. मी स्वयंपाकघराच्या दारात ओलं फडकं घेऊन उभी होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने ती हाक फक्त परक्या माणसांसमोर मारली जायची. ती माणसं गेली की घड्याळवाले पुन्हा घड्याळवाले व्हायचे आणि चपला घालून जिना उतरून जायचे. आज पोरीने ती हाक अशीच, सहज देऊन टाकली होती. तिचे खरे आजोबा, म्हणजे माझा नवरा, आतल्या खोलीत चाकांच्या खुर्चीत, दार लावून, रेडिओ मोठा करून ठेवलेले होते. ठेवलेले, हाच शब्द. थंडी संपल्यावर जाड पांघरुणं ठेवतो तसे. "काय म्हणालीस गं आत्ता?" मी विचारलं. "कुठे काय?" ती म्हणाली, आणि तिला खरंच कळलं नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीवर काय रागावणार? मी फडकं पिळलं. ते आधीच पिळून झालेलं होतं.

राग काढायचा तर तो माझ्या मुलावर. तो एका सहल कंपनीत वाटाड्या आहे. परदेशातली निवृत्त मंडळी लहान लहान गट करून इथे येतात, एका गटात फार तर बारा जण. सावकाश चालायचं, जिथे तिथे लिफ्ट, मऊ गाद्या, वेळेवर औषधं, आणि संस्कृती. दोन वस्तुसंग्रहालयं, एक जुना पूल, मातीची भांडी करणाऱ्याचा कारखाना आणि एक खरंखुरं घर. त्यांच्या माहितीपत्रकात आमच्या बाहेरच्या खोलीचा फोटो आहे आणि खाली छापलंय, ‘तीन पिढ्यांच्या कुटुंबासोबत दुपारचं जेवण.’ सुरुवातीला मलाही मौज वाटली, खोटं कशाला बोलू? हे तेव्हा धडधाकट होते. आरामखुर्चीत बसून पाहुण्यांना आमच्या लग्नाची गोष्ट सांगायचे, मुलगा त्यांच्या भाषेत ती पोचवायचा, पाहुणे माझ्याकडे बघून हसायचे आणि मी म्हातारपणी लाजायचे. मग ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समज तेवढी जागच्या जागी राहिली, आणि तेच वाईट झालं. त्यानंतरच्या पहिल्या गटासमोर ह्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसता एक लांब आवाज निघाला, सूप हनुवटीवरून शर्टावर गेलं, आणि पाहुण्यांतली एक बाई रुमाल तोंडाला लावून बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या मॅडमचा फोन. पाहुणे आनंदासाठी येतात, त्यांच्या वयाला हे असलं बघणं जड जातं, तुम्ही समजून घ्या. मुलाने फोन ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "आई, बाबांना आत बसवू या. पण मग आजोबांशिवाय तीन पिढ्या कशा होणार?" पंगतीला पाट कमी पडावा तसं त्याचं तोंड झालं होतं. आणि पाट कमी पडला की खालच्या मजल्यावरून आणतात, तसे त्याने घड्याळवाले आणले.

माणूस वाईट नाही. म्हणूनच जास्त राग येतो. बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली, मुलं लांब, दुकान बंद. ह्यांचा जुना मित्र. आमच्या गच्चीवर दोघं रोज संध्याकाळी पत्ते कुटायचे, त्यामुळे ह्यांच्या सगळ्या गोष्टी त्यांना पाठ. मिशी छान, आवाज भरदार, दात स्वतःचे. पहिल्या दिवशी संकोचले होते, "वहिनी, मला हे बरं नाही वाटत हो," म्हणाले होते. मला वाटलं होतं, दोन खेपा करतील आणि सोडतील. पण बारा माणसं तोंडाकडे बघत बसली की कुणाला सोडवतं? दोन महिन्यांत ते ह्यांच्या आरामखुर्चीत ह्यांच्यासारखे रेलायला लागले. चार महिन्यांत गोष्ट ह्यांच्यापेक्षा चांगली सांगायला लागले, कुठे थांबायचं, कुठे मिशीला हात लावायचा. पाहुण्यांसमोर मी त्यांना वाढायचं, त्यांच्याकडे बघून हसायचं. मुलगा म्हणतो, "आई, जरा जवळ उभी राहत जा ना, फोटो बरा येतो." एकदा मी खरंच हसले. घड्याळवाल्यांनी काहीतरी असं बोलून दाखवलं की मला हसू आवरेना, आणि तेवढ्यात आतून, रेडिओच्याही वर, खुर्चीच्या दांड्यावर डाव्या हाताने थापटल्याचा आवाज आला. हे ऐकत होते. मी हसलेलंही ह्यांनी ऐकलं होतं. त्या रात्री मी ह्यांच्याकडे तोंड करून झोपू शकले नाही. स्वतःचा इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. तरी मी पुढच्या गटाला वाढलंच, कारण मुलाची नोकरी, कारण सुनेचं तोंड, कारण औषधं, कारण काय आणि काय. आणि ह्यांचं जेवण पाहुणे जाईपर्यंत लांबायचं. भरवायला माझ्याशिवाय कुणी नाही, आणि मी बाहेर कुणा दुसऱ्याची बायको.

बस आली. मुलगा पुढे, मागून पाहुणे जिना चढले, एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. मला त्यांचा तिरस्कार करायचा असतो आणि तो जमत नाही, कारण गुडघे माझ्यासारखेच. टोप्या, घडीच्या काठ्या, छातीवर नावाची चकती, आणि प्रत्येकाच्या कानात ऐकायच्या यंत्राचं एक बोंड. मुलाच्या कॉलरला बारीक माइक असतो. तो ओठातल्या ओठात पुटपुटतो आणि बाराच्या बारा माना एकदम हलतात. आमच्या खोलीत मोठ्याने कोणी बोलतच नाही. ते कानातलं बघितलं की माझा स्वतःचा डावा कान गरम होतो. मी टेलिफोन ऑपरेटर होते. लग्नाआधी, गावाच्या एक्स्चेंजमध्ये. कानावर चिमट्यासारखं बसणारं ते जड यंत्र, समोर भोकांची भिंत, हातात वायरी, आणि पाठीमागे येरझारा घालणाऱ्या मुख्य बाईंच्या टाचा. घरी गेल्यावरही कान धगधगायचा. मला ते आवडायचं. खूप आवडायचं. सगळं गाव माझ्या बोटांतून एकमेकांशी बोलत होतं. संध्याकाळी नदीवरच्या पंपघरातून फोन यायचा, पाणी किती चढलं ते कळवायला. तिथला कामगार म्हणजे हे. तेव्हा फक्त आवाज. नदीतल्या मोजपट्टीवरचा आकडा सांगायचा तर तो एकदम सांगायचे नाहीत, "थांबा हं, पट्टी नीट दिसत नाहीये, परत बघून येतो," म्हणायचे आणि रिसिव्हर तसाच ठेवून जायचे. मी पाण्याचा आवाज ऐकत बसायचे. मी काही दगड नव्हते. मला कळत होतं आणि बरंही वाटत होतं.

ह्यांच्या गोष्टीत इथे पाहुणे हसतात. मग ते बाजारात मला आवाजावरून ओळखतात, मग लग्न, आणि मग "हिने आनंदाने नोकरी सोडली." टाळ्या. पन्नास वर्षं ही गोष्ट माझ्यासमोर सांगितली गेली आहे, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, मुलाला, आणि मी प्रत्येक वेळी पदर सावरला आहे. मी नोकरी सोडली नव्हती. मला काढलं होतं. मोठ्या शहरातल्या एक्स्चेंजसाठी माझी निवड झालेली होती. आमच्या गावातून एकटीची. महिन्याभरात जायचं होतं, राहायला खोलीसुद्धा ठरली होती, खिडकी रस्त्यावर उघडणारी. तेवढ्यात नदी चढलेल्या एका संध्याकाळी पंपघराचा फोन आला. ह्यांनी "थांबा हं" केलं आणि गेले ते आलेच नाहीत. सरकारी बोलणं, तेही पुराच्या दिवशी, मधेच तोडायचं नाही असा नियम. नदीकडच्या बाजूला लाइन एकच. मी धरून बसले. तिकडे काठावरच्या गोदामवाल्याला पाणी शिरल्याचं कळवायचं होतं, त्याला लाइन मिळाली नाही, गोदामातलं सगळं भिजलं. हे परत आले आणि म्हणाले, "पाणी तेवढंच आहे, तुमचा आवाज ऐकायचा होता." मागे मुख्य बाई उभ्या होत्या, त्यांच्या कानाला दुसरं यंत्र होतं. खाजगी बोलण्यासाठी लाइन अडवून ठेवली असा ठपका आला. निवड रद्द, नोकरी गेली. नंतर हे आत्याला घेऊन घरी आले, मागणी घातली. बदनाम झालेल्या मुलीला मागणी घालतोय, केवढ्या मनाचा मुलगा, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. चूक माझीच, मी लाइन तोडायला हवी होती, असंच मानत आले. ह्यांनी जाऊन सांगायला हवं होतं की दोष माझा आहे, तिचा नाही. नाही सांगितलं. घाबरले असतील, असं मी ह्यांच्या वतीने स्वतःला समजावलं होतं.

तर पाहुणे टेबलाभोवती बसले. सून सूप वाढत होती, नात चमचे वाटत होती, घड्याळवाले आरामखुर्चीत. आतून थाप ऐकू आली. ह्यांची जेवायची वेळ झाली होती, झटक्यानंतरच्या माणसाच्या पोटातली घड्याळं पक्की असतात. पुन्हा थाप. सुनेने माझ्याकडे न बघता दार नीट लावलं. आणि किती सहज लावलं! दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवावं तसं. माझ्या आत काहीतरी सुटलं. मी वाडगा घेतला, मऊ भात घेतला, आत गेले, रेडिओ बंद केला. ह्यांच्या गळ्याला फडकं बांधलं, खुर्चीचा ब्रेक काढला. ह्यांनी डोळ्यांनी विचारलं, कुठे? "आपल्या घरात," मी म्हटलं. उंबऱ्यावर चाक अडलं, मी पाय लावून ढकललं आणि आम्ही दोघं बाहेर आलो.

सगळे आमच्याकडे वळले. ती बाई आठवते ना, रुमालवाली, तसे चार रुमाल ह्या गटातही निघण्याच्या बेतात होते. मुलगा उठला, पांढराफटक. मग माइकवर काहीतरी पुटपुटला आणि माना हलल्या. सून माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, त्यांनी बाबांना मोठे काका म्हणून सांगितलंय, तुम्ही तेवढं धरून घ्या." मोठे काका. म्हणजे खोलीतून गेले, आवाजातून गेले, आता नात्यातूनही काढले. मी खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "हा माझा नवरा आहे. त्या आरामखुर्चीत बसलेत ते आमच्या खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले. सांग त्यांना." मुलाने माझ्याकडे बघितलं. मग तो माइकमध्ये बोलला. माझी तीन वाक्यं, त्याचं चांगलं लांबलचक झालं. आणि पाहुणे खो खो हसले, टाळ्या वाजवल्या, एकाने माझा फोटो काढला. मी नातीचा खांदा धरला. तिला शाळेत ती भाषा शिकवतात. "काय म्हणाला तुझा बाप?" ती बिचारी खरं बोलली. "बाबा म्हणाले, आजीला थट्टा करायची फार सवय आहे, लग्न झाल्यापासून ती आजोबांना घड्याळवाले म्हणून चिडवते."

पोटच्या पोराने माझं बोलणं माझ्यासमोर उचलून त्याची मिठाई करून वाटली होती. घड्याळवाले अर्धवट उठले होते. "वहिनी, बसवा त्यांना इथे, मी जातो." "बसा," मी ओरडले. "तुम्ही कुठे जाऊ नका. तुमच्यासमोरच जेवतील ते." मी चमचा भरला, ह्यांच्या तोंडाशी नेला. दहा महिने दाबून ठेवलेलं सगळं त्या चमच्यात होतं. बघू दे सगळ्यांना, सांडू दे, गळू दे, आमचं जेवण असंच असतं. आणि ह्यांनी ओठ मिटून घेतले. घट्ट. मी पुन्हा नेला, ह्यांनी तोंड फिरवलं. मग डावा हात वर उचलला आणि घड्याळवाल्यांकडे बोट करून हवेत गोल गोल फिरवलं. ते बोट मला ओळखीचं आहे. टीव्हीवरचा कार्यक्रम मधेच थांबला की हे असंच करतात. पुढे चालू दे. ह्यांना गोष्ट ऐकायची होती! मी ज्याच्यासाठी घर डोक्यावर घेतलं, त्याला दाराआडून दर वेळी स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची चटक लागली होती. ती थाप भुकेची नव्हतीच, त्या दिवशीची मजा आल्याची होती आणि आजची, गोष्ट सुरू करा म्हणायची. मला माझाच मूर्खपणा इतका झोंबला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं, कुणी चुकीचा अर्थ घेऊ नये.

घड्याळवाल्यांच्या जिवात जीव आला. मित्राने हुकूम सोडला होता. ते सावरून बसले आणि सुरू झाले. पंपघर, नदी, पट्टी. मुलगा घाईघाईने पुटपुटू लागला, माना हलू लागल्या. ह्यांचा अर्धा चेहरा हसत होता. झटक्यानंतर मी तो हसताना बघितला नव्हता, आणि कौतुक करायचं त्राण माझ्यात नव्हतं. मित्र समोर बसून ऐकतोय म्हटल्यावर घड्याळवाल्यांना भलतंच चढलं. त्याला खूश करायला त्यांनी गोष्ट सगळीच्या सगळी काढली, पत्त्यांच्या डावावर ऐकलेली, आमच्या घरात कधीच न सांगितलेली. "आणि मग मला कळलं," ते मिशीला हात लावून म्हणाले, "की ही बाई मोठ्या शहरात निघाली! म्हटलं, गेली तर संपलंच. मग नदी चढली त्या दिवशी मी काय केलं? लाइन लावली आणि म्हटलं, थांबा हं, पट्टी दिसत नाहीये. अहो, पट्टी मला टेबलावरून दिसत होती, खिडकीतून! मी स्टुलावर बसून चहा प्यायलो आरामात. म्हटलं, बसू दे धरून. आणि काय सांगू, आठ दिवसांत तिचं जाणं रद्द!"

मुलाने ते सांगितलं. पाहुणे हसले, पुढच्या बाईने माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला, किती गोड म्हणून. मी ह्यांच्याकडे बघत होते. हसणारा अर्धा चेहरा आता हसत नव्हता. ह्यांनी आधी मित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या चमच्याकडे, आणि तिथेच नजर ठेवली. पन्नास वर्षं ज्या माणसाची बाजू मी स्वतःपाशी मांडत आले, तो त्या संध्याकाळी स्टुलावर बसून चहा पीत होता. ती रस्त्यावर उघडणारी खिडकी मला अजून आठवते, मी ती कधी पाहिलीसुद्धा नव्हती. मुख्य बाई, गोदामवाला, माझा मूर्खपणा, सगळ्यांना दोष देऊन झाला होता. ह्याच माणसासाठी मी दहा मिनिटांपूर्वी भर सभेत ओरडले होते, हा माझा नवरा आहे.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "मी जाणार ते माहीत होतं. आणि म्हणून?" घड्याळवाल्यांचा चेहरा उतरला. कुठेतरी पाय पडला आहे हे त्यांना कळलं, कशावर ते कळलं नाही. "वहिनी, अहो ते गमतीने..." "तुम्ही गप्प बसा. तुमचं काम झालं." मुलगा माइकवर हात धरून म्हणाला, "आई, काय चाललंय? ह्याचं मी त्यांना काय सांगू?" "काही सांगू नकोस. आयुष्यात एकदा काही सांगू नकोस." त्याने माइकवरचा हात तसाच ठेवला. खोलीत बारा माणसं आपापल्या कानातलं दाबून बघू लागली. एकाने ते काढून झटकलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं.

ह्यांना उत्तर देता येत नाही हे मला ठाऊक होतं. अशा माणसाला कोंडीत गाठू नये, हेही कळत होतं. बोलता येत होतं तेव्हा पन्नास वर्षं होती त्यांच्याकडे, आणि ती त्यांनी गोष्टी सांगण्यात घालवली. मला दया आली नाही. "मी विचारतेय," मी म्हटलं, "मुद्दाम केलंत?" ह्यांनी नजर वर उचलली. गळ्यातलं फडकं वरखाली होत होतं. मग सावकाश, एका बाजूने, तोंड उघडलं. पुढची पाहुणी बाई हसली. म्हाताऱ्याला शेवटी भूक लागली असं तिला वाटलं असावं. तिने वाडगा माझ्याकडे सरकवला. मी चमचा त्यात ठेवला आणि वाडगा टेबलावर लांब सरकवला. एक खुर्ची ओढली आणि ह्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले.

"बोला," मी म्हणाले. "मी ऐकतेय."